विजन आणि वन : लीळाचरित्रातील अरण्याचा अर्थ

आमच्या सौसर-पांढुर्णा भागात शाळांच्या स्नेहसंमेलनांतून आणि व्याख्यानमालांतून एक विधान गेली कित्येक वर्षे मोठ्या प्रेमाने केले जाते. आपले मध्ययुगीन संतमहंत अरण्याला देव मानीत, त्यांचे मठ म्हणजे तपोवने होती, आणि सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या आपणा लोकांस तो वारसा आयताच मिळालेला आहे, असे ते विधान होय. श्रोत्यांस ते आवडते. वक्त्यासही आवडते, कारण ते सिद्ध करण्याचे श्रम पडत नाहीत. आम्ही स्वतः ते वर्गात आणि वर्गाबाहेर अनेकदा केलेले आहे, हे प्रारंभीच कबूल करणे बरे. परंतु मुलांना जुन्या मराठी गद्याची ओळख करून द्यावी म्हणून गेल्या दोन-तीन वर्षांत लीळाचरित्र पुन्हा पहिल्या पानापासून वाचावयास घेतले, तेव्हा हे विधान जागोजाग अडखळू लागले. प्रस्तुत लेखात त्या अडखळण्याचाच विचार करावयाचा आहे.

महानुभावांचा विचार या प्रदेशाने का करावा, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. तरी स्थळांची सांगड मनात असलेली बरी. पांढुर्ण्याहून वरूड आणि वरुडाहून मोर्शी, हा आमच्या बाजारहाटाचा आणि सोयरिकींचा जुना रस्ता. त्याच मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे, आणि मोर्शीच्या उत्तरेस, जेथे महाराष्ट्राची हद्द संपून बैतूल जिल्हा लागतो, तेथे सालबर्डीचा डोंगर आहे. सौसरच्या आग्नेयीस रामटेक. भडोचचा राजपुत्र हरिपाळदेव रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून घरून निघाला, वाटेत बरोबरचे लोक मागे टाकून रिद्धपुरास पोहोचला, तेथे गोविंदप्रभूंचे दर्शन झाले आणि पुढे तोच चक्रधर झाला, हा वृत्तांत सर्वश्रुत आहे. म्हणजे मराठीच्या आद्य गद्यग्रंथाची कथा जेथे सुरू होते ती भूमी आमच्या अंगणाला लागून आहे. २०२४ साली मराठी भाषेचे विद्यापीठ रिद्धपुरास सुरू झाले ते याच नात्याने.

पहिले अडखळणे येथेच आहे. हरिपाळदेवास प्रसाद कोठे मिळाला? अरण्यात नव्हे, आश्रमात नव्हे, कोणत्या पुरातन वृक्षाखालीही नव्हे. तो मिळाला रिद्धपूरच्या रांधवणहाटात, म्हणजे जेथे शिजवलेले अन्न विकले जाते त्या बाजारात. गोविंदप्रभू तेथे शेंगुळे खात होते आणि त्यांतूनच त्यांनी दिले. कुळथाच्या पिठाचे शेंगुळे आमच्याकडे अजूनही थंडीत होतात, त्यामुळे आमच्या विद्यार्थ्यांना हा प्रसंग सांगताना कधी अडचण पडत नाही. अडचण पडते ती तपोवनवाद्यांची. ज्या पंथाचा सर्वांत मोठा क्षण चुलीच्या धुरात आणि गिऱ्हाइकांच्या गर्दीत घडतो, त्या पंथास पावित्र्याचे माहेर म्हणून अरण्यच हवे होते, असे म्हणता येत नाही.

अरण्य येते ते त्यानंतर. परंपरा सांगते की प्रसाद झाल्यावर स्वामी सालबर्डीच्या डोंगरात गेले आणि तेथे बारा वर्षे राहिले. मुक्ताबाई नावाची तपस्विनी त्यांना तेथेच भेटली. बारा वर्षे हा काळ लहान नव्हे. एखाद्या संस्कृत महाकवीच्या हाती ही बारा वर्षे पडती, तर त्याने ऋतूंचे दोन सर्ग, पर्वताचा एक आणि वनदेवतांचा एक असे सहज वाढले असते. म्हाइंभट काय करतात? ते ही बारा वर्षे इतक्या थोड्या शब्दांत उरकतात की घाईने वाचणाऱ्याच्या ती लक्षातही येऊ नयेत. याच म्हाइंभटांना पैठणचा किंवा बेलापूरचा एखादा सामान्य दिवस सांगावयास पाने पुरत नाहीत. कोण आले, कोणी काय आणले, जेवावयास काय होते, बाइसांनी कोणास काय म्हटले, स्वामी कोणत्या दारी बसले, सर्व काही येते. मग डोंगरातील बारा वर्षांविषयी हा संक्षेप का?

याचे सरळ उत्तर असे की तेथे साक्षीदार नव्हता. लीळाचरित्राच्या पहिल्या भागाचे नावच ‘एकांक’ आहे. स्वामी एकटे होते त्या काळाचा तो भाग. त्यातील हकीकत स्वामींनी पुढे प्रसंगाप्रसंगाने स्वमुखे सांगितली, शिष्यांनी लक्षात ठेवली, आणि शके १२०० च्या सुमारास, म्हणजे इ.स. १२७८ च्या आसपास, म्हाइंभटांनी माणसामाणसाकडे जाऊन ती गोळा केली. ज्याने पाहिले त्याच्याकडून ऐकल्यावाचून लिहावयाचे नाही, असा हा लेखक. आज आपल्यापुढे असलेले पाठ मूळ पोथ्या नष्ट झाल्यावर स्मरणाच्या आधारे पुन्हा सिद्ध केलेले आहेत आणि त्यांत परस्परभेदही आहेत, हे खरे. तरी या एका बाबतीत ते फारसे वेगळे बोलत नाहीत. अरण्याचे वर्णन करावयाचा मोह कोणत्याही पाठाला झालेला नाही.

परंतु साक्षीदार नव्हता एवढेच उत्तर आम्हांस पुरेसे वाटत नाही. कारण पुढे पूर्वार्धात आणि उत्तरार्धात साक्षीदार मुबलक आहेत, स्वामी गावाबाहेर विहरणास जातात तेव्हा बरोबर भक्तजन असतात, आणि तरीही झाड येते ते सावलीपुरते, नदी येते ती काठापुरती. सौंदर्य म्हणून त्यांच्याकडे कोणी बघत नाही. सशाची प्रसिद्ध लीळा घ्या. पारध्यांनी पाठलाग केलेला ससा झाडाखाली बसलेल्या स्वामींच्या मांडीखाली शिरतो. पारधी तो मागतात, स्वामी शरण आलेल्यास देत नाहीत. पारधी गेल्यावर स्वामी मांडी उचलतात आणि एखाद्या संन्याशाला संबोधावे तसे सशाला ‘महात्मा’ म्हणून जावयास सांगतात. भूतदयेचा धडा म्हणून ही लीळा आपण शिकवतो आणि तसे शिकवण्यात चूक काहीच नाही. पण पाहा, झाड कोणते होते? रान कसे होते? पारधी कोणत्या बाजूने आले? ग्रंथाला त्याची पर्वा नाही. सशाला नाव मिळाले, मानाचे संबोधन मिळाले. झाड मात्र नुसते झाडच राहिले. आम्ही कित्येक वर्षे या लीळेचा विषय ‘वन्यजीवन’ असा लिहून देत होतो, तेव्हा ही गोष्ट आमच्या ध्यानात आली नव्हती.

येथे पंथाच्याच एका शब्दाकडे वळले पाहिजे. महानुभाव साधकाच्या दिनचर्येची चार अंगे पुन्हा पुन्हा सांगितली जातात : अटन, विजन, भिक्षा आणि भोजन. यांतील ‘विजन’ हा शब्द आपण सैलपणे ‘वन’ या अर्थी घेतो. पण त्या शब्दात झाडही नाही आणि पानही नाही. जेथे जन नाहीत ते विजन. शब्दाची सगळी व्युत्पत्ती अभावात आहे. उजाड माळ, ओढ्याची घळ, पडके देऊळ, कोरड्या नदीचे पात्र, यांपैकी काहीही विजन होऊ शकते. आणि माणसांनी गजबजलेली आमराई मात्र होऊ शकत नाही. साधकाने गावाबाहेर जाऊन काही काळ एकटे बसावे आणि ईश्वराचे स्मरण करावे, एवढाच तेथे हेतू. तेव्हा विजन म्हणजे एखादा पवित्र प्रदेश नसून ते रोजचे करावयाचे काम आहे, असे म्हणणे आम्हांस अधिक यथार्थ वाटते.

आणि या चार शब्दांचा क्रमही बोलका आहे. विजनानंतर भिक्षा आहे. भिक्षा मागावयाची ती गावात, आणि तीही एका घरी नव्हे. म्हणजे साधकाचे विजन गावापासून इतकेच दूर असावयास हवे की तेथून उठून भिक्षेच्या वेळेस गावात पोहोचता येईल. घनदाट अरण्यात शिरून बसलेल्याला दुपारी कोण वाढणार? एवढा हिशेब केला की चित्र पालटते. महानुभावांचे रान म्हणजे सातपुड्याचा गाभा नव्हे, तर गावाची शीव. आमच्या भागातील माणसाला शीव म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. शेवटच्या संत्र्याच्या बागेपलीकडे जेथे पळसाची झुडपे सुरू होतात, गुरे जातात पण माणूस सहसा थांबत नाही, ती जागा.

याच शतकांत युरोपातही संन्यासी अरण्याकडे निघाले होते आणि ही तुलना येथे उपयोगाची आहे. ख्रिस्ती परंपरेतील आद्य संन्यासी मिसरच्या वाळवंटात गेले. पश्चिम युरोपात वाळवंट नव्हते; तेव्हा तेथे त्याची जागा अरण्याने घेतली, हे झाक ल गॉफ या फ्रेंच इतिहासकाराने फार सुंदर दाखविले आहे. तेथेही मूळ कल्पना निर्जनतेचीच, झाडे मागाहून आली. १०९८ साली सीतो येथे निघालेल्या मठाने आणि त्यातून फुटलेल्या सिस्टर्शियन संप्रदायाने नियमच केला की शहरात, किल्ल्यात किंवा खेड्यात मठ बांधावयाचा नाही. क्लेअरव्हो मठाचा बर्नार्ड (१०९०-११५३) एका पत्रात सांगतो की पुस्तकांपेक्षा झाडांपाशी आणि दगडांपाशी अधिक शिकावयास मिळते. येथपर्यंत आपले तपोवनवादी आनंदाने मान डोलवतील. पण पुढे काय झाले? या संन्याशांना भिक्षा मागावयाची नव्हती; स्वतःच्या श्रमाने पोट भरावे हा त्यांचा नियम. त्यासाठी शेत हवे, शेतासाठी जमीन हवी, आणि जमिनीवर तर झाडे उभी. बंधुवर्गाने कुऱ्हाडी हाती घेतल्या, रान मोडून शेते केली, मेंढ्या पाळल्या. ज्या निर्जनतेसाठी ते आले ती त्यांच्याच उद्योगाने मागे हटत गेली, आणि काही ठिकाणी तर निर्जनता राखण्यासाठी आधीची खेडी उठवावी लागली. उलट इटलीतील कामाल्दोली येथे अकराव्या शतकात वसलेल्या एकांतवासी संन्याशांनी फरची झाडे लावली आणि पिढ्यान्‌पिढ्या जपली. एकाच धर्माचे, एकाच ध्येयाचे दोन संप्रदाय. अरण्याचे भवितव्य मात्र संन्याशाला भाकर कोठून मिळते यावर पुष्कळ अंशी ठरले. महानुभाव साधकाची भाकर गावातून येत होती, म्हणून त्याला झाड तोडावयाचे कारण पडले नाही आणि लावावयाचेही पडले नाही.

आता आपल्याच घरातील दुसऱ्या एका अरण्याकडे वळू. लीळाचरित्रानंतर केवळ बारा वर्षांनी, शके १२१२ मध्ये, ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. तिच्या सहाव्या अध्यायात योगाभ्यासाला योग्य अशा स्थळाचे वर्णन आहे. गीतेतील मूळ शब्द अवघे दोन, ‘शुचौ देशे’. ज्ञानेश्वरांनी त्यांतून अख्खे रान उभे केले आहे. तेथे बसले की उठावेसे वाटू नये, वैराग्य दुणावावे. वाटेने सहज जाणाऱ्या नास्तिकालाही तेथे तप करावेसे वाटावे. विलासी राजाने ते पाहिले तर त्याला राज्य सोडावेसे वाटावे. मुळापासून गोड आणि सदा फळलेली झाडे, पावसाळा नसतानाही निर्मळ पाणी, सौम्य ऊन, मंद वारा. पशुपक्ष्यांची वर्दळ नको. पण पाण्याजवळ हंस असावेत, क्वचित कोकिळा यावी, मोर आले तरी हरकत नाही. ही शेवटची मोकळीक वाचताना आम्हांस दर वेळी हसू येते आणि दर वेळी गहिवरूनही येते. एकांताचे नियम सांगता सांगता कवीला मोराला नाही म्हणवत नाही! आणि अशा ठिकाणी, ज्ञानेश्वर म्हणतात, एखादा गुप्त मठ असावा किंवा शिवालय असावे.

हे खरे तपोवन. आपल्या व्याख्यात्यांच्या डोळ्यांपुढे असते ते हेच, फक्त ते त्यास महानुभावांचे किंवा सरसकट ‘संतांचे’ म्हणतात. दोन्हींतील अंतर नीट ओळखले पाहिजे. ज्ञानेश्वरांच्या रानात स्थळ स्वतः काम करते. ते साधकावर परिणाम घडविते, राजाला ओढून घेते, नास्तिकाला बसविते. तेथील पाणी, सावली, वारा हे सर्व जणू गुरूचे मदतनीस आहेत. म्हाइंभटांच्या रानात स्थळ काहीही करीत नाही. ते फक्त माणसे दूर ठेवते, आणि राहिलेले काम ज्याचे त्याने करावयाचे. ज्ञानेश्वरांना मठ रानात हवा आहे. लीळाचरित्रात ‘मठ’ हा शब्द येतो तो बहुधा गावातील देवळालगतच्या किंवा देवळातीलच एखाद्या वास्तूसाठी. रिद्धपूरचा राजमठ गावातच आहे. स्वामी वेरुळास दीर्घकाळ राहिले ते डोंगरात कोरलेल्या लेण्यांत, इतरांनी आपल्या साधनेसाठी कोरून ठेवलेल्या निवाऱ्यात. त्यांनी स्वतः काही बांधले नाही. आणि सूत्रपाठात साधकासाठी जी आज्ञा आहे तिचा आशय असा की देशाच्या टोकाला झाडाखाली आयुष्य घालवावे, जेथे आपल्याला कोणी ओळखत नाही आणि आपण कोणाला ओळखत नाही. मठाचा येथे उल्लेखच नाही. झाड आहे, पण कोणते ते सांगितलेले नाही. कारण ते सांगितले असते तर त्या झाडाशी ओळख झाली असती.

यांतील थोर कोणते, असा प्रश्न आम्हांस एका तरुण शिक्षकमित्राने विचारला. काव्य म्हणून ज्ञानेश्वरांच्या रानाची बरोबरी नाही, याविषयी आमच्या मनात संशय नाही. परंतु म्हाइंभटांच्या रूक्ष वाक्यांत एक कठोर प्रामाणिकपणा आहे, तो वय वाढत जाते तसा अधिक पटतो. रमणीय स्थळी मन रमते ते स्थळामुळे की साधनेमुळे, हे साधकाला कसे कळावे? हा प्रश्न महानुभाव गद्याने विचारलेला नाही, पण त्याच्या मौनात तो आहे. तो त्या मौनात आम्हीच घालतो आहोत, असा आक्षेप कोणी घेईल. तो आम्ही पूर्णपणे खोडून काढू शकत नाही.

मात्र येथे थांबले तर पुन्हा एक सोपे विधान तयार होईल : महानुभाव स्थलपूजक नव्हते, म्हणून. तेही खरे नव्हे. याच पंथात सातिग्रंथ म्हणून मानाने गणलेली सात काव्ये आहेत, आणि त्यांत रान फुलून येते. दामोदर पंडितांच्या वछाहरणात वृंदावन आहे, रवळोबासांच्या सह्याद्रिवर्णनात दत्तात्रेयांचा सह्याद्री आहे, नारायण व्यास बहाळियांच्या ऋद्धिपुरवर्णनात तर प्रत्यक्ष रिद्धपूरच काव्यविषय झाले आहे. गद्याने ज्या डोंगराला एक विशेषणही दिले नाही, त्याला पद्याने अलंकारांनी मढविले. एकाच पंथाच्या हाती गद्य आणि पद्य इतकी वेगळी वागली याचे कारण आमच्या मते ‘असन्निधान’ या पांथिक कल्पनेत आहे. ईश्वर समोर असतो ते सन्निधान. तेव्हा सेवा करावयाची. तो निघून गेला की असन्निधान. तेव्हा स्मरण करावयाचे. चक्रधर उत्तरापंथे गेले, गोविंदप्रभू गेले, आणि मागे राहिलेल्यांना स्मरणासाठी आधार हवा होता. तो त्यांना जागांनी दिला. जेथे स्वामी बसले, निजले, जेवले, उभे राहिले, त्या जागेला ईश्वराचा ‘संबंध’ घडला, आणि संबंधाने ती वंद्य झाली. झाड वंद्य नाही. झाडाखालील बसणे वंद्य आहे. सूक्ष्म भेद आहे, पण सर्व इमारत त्यावर उभी आहे.

त्यातूनच स्थानपोथी जन्मास आली. जुन्या मराठीत हिच्याइतका विचित्र आणि हिच्याइतका हृद्य ग्रंथ आम्हांस दुसरा माहीत नाही. गावोगावची देवळे, त्यांची तोंडे कोणत्या दिशेस, कोणत्या दारात आसन झाले, नदी कोठे, ओढा कोठे, कोणत्या अंगाला स्वामी विहरणास गेले, हे एखाद्या मोजणीदाराच्या शिस्तीने टिपले आहे. भावनेचा एक शब्द नाही. ज्यांना जागेशी ओळख ठेवू नका अशी आज्ञा होती, त्यांनीच जागांची अशी नोंदवही करावी यात विसंगती आहे, असे काही अभ्यासक म्हणतात. आम्हांस ती विसंगती वाटत नाही, ती विरहाची रीत वाटते. घरातील माणूस गेल्यावर त्याच्या बसण्याची जागा कोणती होती हे लहान मुलाला दाखवणारी आजी काही जागेची पूजा करीत नसते.

तथापि नोंदीपाठोपाठ ओटा आला. स्वामींच्या संबंधाची जागा कळावी, तिच्यावर पाय पडू नये, म्हणून तेथे ओटा बांधण्याची चाल पडली. ओट्यावर पुढे छप्पर, छपराचे मंदिर, मंदिराभोवती मठ. नागदेवाचार्यांनंतर पंथाचे आम्नाय झाले, परंपरेने ते तेरा मानले जातात. महंत आले, गाद्या आल्या, पोथ्यांचे गठ्ठे आले, ते राखण्यासाठी सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्या आल्या. या मठांनी पोथ्या राखल्या नसत्या तर आज लीळाचरित्र नसते आणि हा लेखही नसता. १९७८ साली डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादिलेले लीळाचरित्र महाराष्ट्र राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केले, त्यामागे या शतकानुशतकांच्या राखणदारीचे ऋण आहे. म्हणून मठांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. एवढेच म्हणावयाचे की येथे मठ अरण्याचा वारस म्हणून आला नाही. तो आठवणीचा वारस म्हणून आला, आणि आठवणीला भिंती लागतात.

सालबर्डीला आम्ही शाळेची मुले घेऊन गेलो होतो, तेव्हा हे सर्व एका डोंगरावर पाहावयास मिळाले. तेथे महानुभावांची स्थाने आहेत आणि महादेवाची गुहाही आहे. भस्मासुराच्या भयाने महादेव या गुहेत शिरले आणि भुयाराने थेट पचमढीस निघाले, अशी आख्यायिका आमच्या भागात घरोघर माहीत आहे. आमच्या तालुक्यांतील माणसे महाशिवरात्रीला त्रिशूळ खांद्यावर घेऊन चौरागड चढतात आणि नागपंचमीच्या सुमारास नागद्वारीच्या कठीण वाटेने रानातून जातात, ती याच महादेवाच्या ओढीने. तेथे प्रत्येक खडकाला, झऱ्याला, चढाला नाव आहे, आणि वाट चालणे हीच पूजा आहे. जामसावळीच्या हनुमंतावरील पिंपळ कोणी तोडू म्हणेल तर काय होईल, हे वेगळे सांगावयास नको. हे तिसरेच अरण्य, आणि लोकांचे खरे अरण्य हेच. ते ज्ञानेश्वरीतून आलेले नाही आणि सूत्रपाठातूनही नाही. बहुतेक यात्रेकरू सालबर्डीला आधी महादेवाला आणि मग स्वामींच्या ओट्याला नमस्कार करतात. त्यांच्या मनात कसलाही गोंधळ नसतो. गोंधळ असतो तो आम्हां व्याख्यात्यांच्या डोक्यात. तिन्ही रानांना एकच ‘पावित्र्य’ हे लेबल लावून आम्ही मोकळे होतो.

आणि हा केवळ शब्दांचा गोंधळ नाही. जेथे जेथे तीर्थस्थळांचे सुशोभीकरण निघते तेथे फरशी, कमान, सिमेंटचा मंडप आणि वाहनतळ यांची यादी सारखीच असते. महादेवाच्या रानात वाट गुळगुळीत केली की वाट चालण्याची पूजा संपते. ज्ञानेश्वरांच्या रानातून पाणी आणि सावली गेली की स्थळाचे बळ जाते. महानुभावांच्या ओट्याला मंडप चालेल, कदाचित शोभेलही, पण विजनाला तो चालत नाही, कारण मंडप माणसे आणतो. कोठे काय जपावयाचे हे ठरविण्यापूर्वी कोणते पावित्र्य कशावर उभे आहे हे वाचून पाहिले पाहिजे, आणि वाचणे हे तर शिक्षकांचे काम आहे. ग्रंथ उपलब्ध आहेत. डॉ. अ‍ॅन फेल्डहाउस यांनी इंग्रजीत सूत्रपाठ (१९८३), गोविंदप्रभूंचे चरित्र (१९८४) आणि प्रदेश व यात्रा यांवरील अभ्यास (२००३) असे मोठे काम करून ठेवले आहे. परदेशी विदुषीने सालबर्डी-रिद्धपूर इतक्या बारकाईने वाचावे आणि मोर्शीच्या शेजारी असलेल्या आम्ही मात्र तपोवनाची भाषणे द्यावी, याची थोडी लाज वाटावयास हरकत नाही.

शेवटी एका स्थानिक प्रेमाच्या प्रश्नाचा उल्लेख करावयाचा राहिला. महाराष्ट्रात राहावे, अशी आज्ञा सूत्रपाठात आहे, आणि देशाच्या टोकाला राहावे अशीही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर-विदर्भ मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्यप्रदेशात राहिला. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, सौसर त्यात आले. आमची मुले शाळेत हिंदी आणि घरी मराठी बोलतात. तेव्हा ‘देशाचे टोक’ म्हणजे आपणच, असे आमच्याकडील काही रसिक अभिमानाने म्हणतात. भाषेच्या दृष्टीने त्यांच्या बाजूने थोडे बोलता येईल, कारण पंथाच्या टीकाकारांनी महाराष्ट्राची मंडळे कल्पिली ती मराठी भाषेच्या आधारानेच, राज्यांच्या सीमांवरून नव्हे. आणि त्यांतील एकाचे नावच झाडीमंडळ आहे. पण सूत्राच्या मर्माशी मात्र हा अभिमान जुळत नाही. टोक हे नकाशावरचे नव्हे, ओळखीचे टोक आहे. आम्ही येथे जन्मलो, येथील प्रत्येक गावात आमचा एखादा माजी विद्यार्थी भेटतो, शिवेवरचा गुराखीसुद्धा ‘सर’ म्हणून हाक मारतो. पैठणच्या माणसाला आमची शीव विजन होईल. आम्हांस विजन हवे असेल तर आम्हांला कदाचित पैठणला जावे लागेल. सालबर्डीहून परतताना बसमध्ये सातवीतील एका मुलाने विचारले होते की स्वामी बारा वर्षे ज्या झाडाखाली बसले ते झाड आपल्याला कोणी दाखविले का नाही. तेव्हा आम्ही त्याला, ते आता राहिले नसेल, असे काहीतरी उत्तर देऊन गप्प बसविले. तो आता दहावीला आहे, आणि यंदा वर्गात एकांक वाचावयाचे ठरले आहे.